पाठ ९ : गारव्यासाठी किती मोजायचे?



मुलगा किंवा मुलगी घरातल्या कॉम्प्युटरवर लग्नाचे व्हिडिओ जुळवते, डिझाइनची कामे घेते. एक दिवस मागणी येते : "प्रोसेसर तापतोय, पाण्याचे कूलिंग बसवायचे आहे, चाळीस हजार लागतील." घरात एक मुदत ठेव असते. ती मोडायची का? की कर्ज काढायचे? हे गणित कसे मांडायचे ते या पाठात पाहू.

गारवा म्हणजे नेमके काय विकत घेतो?

प्रोसेसर चालताना जी वीज घेतो तिची उष्णता होते. ती बाहेर निघाली नाही तर तापमान चढते आणि साधारण ९५ ते १०० अंश सेल्सिअसच्या आसपास प्रोसेसर स्वतःच आपला वेग कमी करतो. तो लगेच जळत नाही, कामाला वेळ जास्त घेतो. म्हणजे चांगल्या कूलिंगसाठी आपण पैसे देतो ते मुख्यतः वाचणाऱ्या वेळासाठी.

फॅन असो वा पाण्याच्या नळ्या, दोन्ही साधने उष्णता उचलून खोलीच्या हवेत सोडतात. त्यामुळे प्रोसेसर खोलीपेक्षा गार होऊ शकत नाही. फॅनखाली आपल्याला गार वाटते ते घाम वाळतो म्हणून. प्रोसेसरला घाम येत नाही. तंजावूरच्या मे महिन्यात बंद खोली तापलेली असेल, तर महागडे साधनही त्या तापलेल्या हवेवरच अवलंबून राहते.

खोलीपेक्षा गार करायचे तर शीतयंत्र हवे, नाहीतर द्रवरूप नायट्रोजन. तो उणे १९६ अंशांना उकळतो आणि उडून जातो, म्हणून पुन्हा पुन्हा विकत घ्यावा लागतो. वेगाचे विक्रम करणारे तो थोडा वेळ वापरतात. शिवाय कावेरीकाठच्या दमट हवेत इतक्या गार भागावर लगेच दव धरते, आणि ते पाणी सर्किटवर उतरले तर सगळा कॉम्प्युटर बाद. घरच्या कामासाठी हा मार्ग विचारातच घेऊ नये.

जवळचेच एक उदाहरण

तंजावूरहून त्रिचीकडे जाताना वाटेत एनआयटीचे आवार लागते. तिथे राष्ट्रीय सुपरकॉम्प्युटिंग मिशनखाली २५ मे २०२२ रोजी 'परम पोरुळ' हा ८३८ टेराफ्लॉप क्षमतेचा महासंगणक सुरू झाला. पोरुळ या तमिळ शब्दाचा एक अर्थ धन. या महासंगणकाला द्रवाने थंड करण्याची पद्धत आहे. द्रव थेट चिपला लागून असलेल्या पट्ट्यांतून फिरतो. हेतू जाहीर आहे : वीज कमी लागावी आणि चालवण्याचा खर्च घटावा.

तिथे हा खर्च शोभतो, कारण असंख्य प्रोसेसर एकत्र असतात, यंत्र रात्रंदिवस चालते आणि द्रवामुळे खोली थंड ठेवण्याची वीज वाचते. आपल्या घरी एकच प्रोसेसर, दिवसाला चार-सहा तास. साधन त्याच जातीचे असले तरी हिशेब वेगळा.

घरचा हिशेब

पुढील आकडे फक्त समजण्यासाठी घेतले आहेत. तुमचे आकडे दुकानातून आणि प्रत्यक्ष कामातून घ्या. समजा, एक व्हिडिओ तयार व्हायला लागणारा वेळ असा :

- प्रोसेसरसोबत मिळालेला फॅन : वेगळा खर्च नाही, ६० मिनिटे
- मोठा हवेचा कूलर : रु. २,५००, ५२ मिनिटे
- तयार बंद पाण्याचे कूलिंग : रु. १२,०००, ५० मिनिटे
- सुटे भाग जोडून केलेले पाण्याचे कूलिंग : रु. ४०,०००, ४९ मिनिटे

आता एकूण खर्च पाहू नका, प्रत्येक वरच्या पायरीला किती जास्त पैसे जातात आणि किती जास्त मिळते ते पाहा. पहिल्या रु. २,५०० मध्ये ८ मिनिटे मिळाली, म्हणजे मिनिटाला सुमारे रु. ३१२. पुढच्या रु. ९,५०० मध्ये २ मिनिटे, म्हणजे मिनिटाला रु. ४,७५०. शेवटच्या रु. २८,००० मध्ये फक्त १ मिनिट.

महिन्याला २५ कामे असतील आणि मोकळ्या झालेल्या तासात रु. १५० कमावता येत असतील, तर :

- पहिली पायरी महिन्याला रु. ५०० मिळवून देते. पैसे ५ महिन्यांत वसूल.
- दुसरी पायरी रु. १२५ देते, वसुलीला ७६ महिने, म्हणजे सहा वर्षांहून जास्त.
- तिसरी पायरी जेमतेम रु. ६२.५० देते, वसुलीला ४४८ महिने, म्हणजे ३७ वर्षांहून जास्त. तोवर तो कॉम्प्युटर भंगारातही नसेल.

एक अट विसरू नका. वाचलेल्या वेळात दुसरे काम असेल तरच त्याचे पैसे होतात. काम रात्री लावून झोपत असाल, तर वाचलेल्या आठ मिनिटांची किंमत शून्य.

पैसा कुठून आणायचा?

रु. ४०,००० ची ठेव ६ टक्के वार्षिक चक्रवाढीने ५ वर्षांत सुमारे रु. ५३,५०० होते. ती मुदतीआधी मोडली तर जितके दिवस पैसे राहिले तितक्या मुदतीचा दर मिळतो, आणि बहुतेक बँका त्यातूनही थोडी कपात करतात. तीच रक्कम १४ टक्के दराने दोन वर्षांच्या कर्जावर घेतली तर हप्ता सुमारे रु. १,९२० आणि व्याज सुमारे रु. ६,१०० पडते. महिन्याला मिळकत ६८७ रुपयांची आणि हप्ता १,९२० चा, हा मेळ बसत नाही.

खेळासाठी किंवा हौसेसाठी कूलिंग हवे असेल तर तीही गरज खोटी नाही. पण ती हौस म्हणूनच मांडा आणि महिन्याच्या शिलकीतून भागवा. दरमहा रु. ५०० बाजूला ठेवले तर पाच महिन्यांत हवेचा कूलर येतो, ठेवीला हात न लावता.

आधी स्वस्त उपाय

१. कॉम्प्युटर बंद करून, प्लग काढून आतली धूळ साफ करा किंवा करून घ्या.
२. पेटी भिंतीपासून दूर ठेवा. कपाटात कोंडू नका.
३. प्रोसेसर आणि कूलर यांच्यामधली पेस्ट जुनी होऊन वाळली असेल तर बदलून घ्या.
४. केवळ कॉम्प्युटरसाठी एसी लावताना बिल आठवा. एसी तासाला १ युनिट घेत असेल तर रोज ६ तासांचे दोन महिन्यांत ३६० युनिट होतात. तमिळनाडूत घरगुती बिल दोन महिन्यांचे असते आणि वापर वाढला की दराचा टप्पाही वर जातो.

हे करून पुन्हा काम लावा आणि वेळ मोजा. मगच दुकानात जा.

स्वाध्याय

तुमच्या घरातली पुढची मोठी खरेदी घ्या : कूलिंग, मोबाइल, मिक्सर, काहीही. त्यातल्या तीन पायऱ्यांच्या किमती लिहा. प्रत्येक पायरीपुढे दोन आकडे लिहा : किती जास्त पैसे आणि किती जास्त उपयोग. जिथे पैसे भराभर वाढतात आणि उपयोग नखाएवढा, त्याच्या आधीच्या पायरीवर थांबा.