माध्यमे अनेक, शील एक

एकाच दिवसात आपण किती तऱ्हांनी बोलतो! कुटुंबाच्या व्हॉट्सॲप गटात आलेला संदेश न पडताळता पुढे धाडतो. एक्सवर २८० अक्षरांत बोचरा शेरा मारतो. इन्स्टाग्रामवर क्षणाक्षणाचे प्रदर्शन मांडतो. खाजगी संभाषणाचा स्क्रीनशॉट तिसऱ्याला दाखवतो. माध्यम बदलते तसा वाणीचा दोषही बदलतो. असत्य, कठोर वचन, निरर्थक बडबड आणि चहाडी : तथागतांनी सम्यक वाचेत वर्ज्य सांगितलेले चार दोष ते हेच.

१ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे, मुले पळवणारी टोळी आल्याच्या अफवेतून, जमावाने भटक्या समाजातील पाच निरपराध माणसांचे प्राण घेतले. समाजमाध्यमांवरून अशा अफवा तेव्हा गावोगाव पसरत होत्या. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक संदेश एका वेळी पाच ठिकाणीच पुढे पाठवण्याची मर्यादा जाहीर केली.

यंत्राने संख्येला मर्यादा घातली. सत्यासत्याचा विवेक मात्र आपलाच. वसतिगृहात आपण नित्य पंचशील ग्रहण केले. त्यातील चौथे शील आता जिभेइतकेच अंगठ्यानेही पाळावयाचे आहे. म्हणून संदेश धाडण्यापूर्वी क्षणभर थांबून स्वतःस विचारू या : हे सत्य आहे काय? हितकर आहे काय? सांगण्याची हीच वेळ आहे काय?