अवकाशातील अश्रू

वसई रोड स्थानकाच्या पूर्वेस एव्हरशाईन सिटी नावाची वसाहत आहे. जुन्या वसईच्या वाड्या आणि किल्ल्याचे तट पश्चिमेकडे राहिले. या बाजूस उंच इमारतींच्या रांगा आहेत. गच्चीवर उभे राहिले म्हणजे पूर्वेस तुंगारेश्वराचा डोंगर दिसतो. अशाच एका इमारतीत एक कुटुंब राहते. आजोबा, आजी, आई, आठवीतील मुलगा आणि सहावीतील मुलगी अशी घरात पाच माणसे. मुलांचे वडील मालवाहू जहाजावर अभियंता आहेत. सहा सहा महिने ते समुद्रावर असतात. जहाज भर समुद्रात असले म्हणजे त्यांचा निरोप कधी दोन दिवसांनी, तर कधी आठवड्याने घरी पोचतो.

एका रविवारी रात्री घरातील सर्वांनी ‘इंटरस्टेलर’ हा चित्रपट पाहिला. २०१४ साली निघालेला हा इंग्रजी चित्रपट. त्याची कथा थोडक्यात अशी : पृथ्वीवर पिके येईनाशी झाली आहेत. मनुष्यजातीसाठी नवे घर शोधण्यास एक वैमानिक अवकाशात निघतो. त्याची लहान मुलगी रुसून बसते. ती त्याचा धड निरोपही घेत नाही. पुढे तो एका प्रचंड कृष्णविवराजवळच्या ग्रहावर उतरतो. तेथील एक तास म्हणजे पृथ्वीवरील सात वर्षे! काही वेळाने तो यानात परत येतो, तेव्हा पृथ्वीवर तेवीस वर्षे उलटून गेलेली असतात. मुलांनी पाठवलेले निरोप तो एकामागून एक पाहू लागतो. पडद्यावर त्याची मुले मोठी होत जातात आणि बापाच्या डोळ्यांतून धारा लागतात.

हे दृश्य पाहून मुलीचा कंठ दाटून आला. ती हुंदके देऊ लागली. ते ऐकून तिचा भाऊ मोठ्याने हसला.

“अगं, ही सारी कल्पना आहे! यात रडण्यासारखे काय आहे?” तो म्हणाला. “आणि पुढे ती शास्त्रज्ञ बाई काय म्हणते, ऐकलेस ना? म्हणे, प्रेम काळाच्या आणि अंतराच्या पलीकडे पोचते! हे कोणत्या प्रयोगशाळेत सिद्ध झाले? अवकाशाच्या चित्रपटात विज्ञान खरे हवे. रडारड हवी कशाला?”

“दादा, तुला गणिते सुटतात, पण माणसे कळत नाहीत,” मुलगी म्हणाली आणि उठून आत निघून गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी न्याहारीच्या वेळी दोघे एकमेकांशी एक शब्दही बोलले नाहीत.

आजोबांनी हे पाहिले. सायंकाळी त्यांनी दोघांना जवळ बसवून घेतले. “तुमचा वाद काही नवा नाही,” ते म्हणाले. “हा चित्रपट आला तेव्हा जगभरच्या प्रेक्षकांतही असेच दोन तट पडले होते. म्हणून मी आज निकाल देणार नाही. येत्या रविवारी आपण गच्चीवर सभा भरवू. मात्र एक अट आहे. दादाने भावनेची बाजू मांडायची आणि ताईने वास्तवाची! दुसऱ्याची बाजू ज्याला नीट मांडता येत नाही, त्याला स्वतःची बाजूही पुरती कळलेली नसते.”

दोघांचीही तोंडे उतरली. परंतु आजोबांपुढे इलाज नव्हता. दोघे कामाला लागली. शाळेच्या ग्रंथालयातील पुस्तके चाळून झाली, विज्ञानाच्या शिक्षकांना प्रश्न विचारून झाले आणि तो चित्रपटही पुन्हा एकवार पाहून झाला.

रविवार उजाडला. सायंकाळी गच्चीवर सतरंज्या अंथरल्या गेल्या. शेजारपाजारची मंडळीही येऊन बसली. प्रथम मुलगी उभी राहिली.

“मी वास्तवाची बाजू मांडणार आहे,” ती म्हणाली. “२०१३ साली ‘ग्रॅव्हिटी’ नावाचा चित्रपट निघाला. त्यात अवकाशात एकाकी पडलेली स्त्री रडते आणि तिचा अश्रू डोळ्यापासून सुटून तरंगत पुढे येतो. दृश्य फार सुंदर आहे. पण अवकाशात अश्रू असा सुटत नाही. क्रिस हॅडफिल्ड या कॅनडाच्या अंतराळवीराने त्याच वर्षी आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकात हे करून दाखवले होते. त्यांनी आपल्या डोळ्यात थोडे पाणी सोडले. ते गालावरून ओघळले नाही. पृष्ठताणामुळे त्याचा गोळा झाला आणि तो डोळ्यालाच चिकटून राहिला. तेथे वजनच जाणवत नाही, मग अश्रू खाली पडेल कसा?”

ती क्षणभर थांबली. मग म्हणाली, “हे वाचले तेव्हा मला वाटले, दिग्दर्शकाने खरी गोष्ट दाखवली असती तर ती अधिक हृदयद्रावक झाली नसती का? माणूस रडतो आहे आणि त्याचा अश्रू त्याला सोडूनही जात नाही! खऱ्यातच एवढे दुःख असताना खोट्याची गरज काय?”

मंडळींनी टाळ्या वाजवल्या. ती पुढे म्हणाली, “आता ‘इंटरस्टेलर’विषयी. दादा म्हणाला, ही सारी कल्पना आहे. पण काळाची गती सर्वत्र सारखी नसते, ही कल्पना नव्हे. जेथे गुरुत्वाकर्षण प्रबळ, तेथे घड्याळ सावकाश चालते. आइन्स्टाइन यांनी १९१५ साली मांडलेल्या सिद्धांतावरून हे निष्पन्न होते. आपल्या मोबाइलवर रस्ता दाखवणारे उपग्रह आहेत ना? त्यांची घड्याळे पृथ्वीवरील घड्याळांच्या मानाने दिवसाला सुमारे ३८ मायक्रोसेकंद पुढे जातात. एक मायक्रोसेकंद म्हणजे सेकंदाचा दहा लाखावा भाग. एवढीशी चूकही सुधारून घेतली नाही, तर एका दिवसात रस्ता दाखवण्यात किलोमीटरांचा घोटाळा होईल. या चित्रपटाला किप थॉर्न हे पदार्थवैज्ञानिक सल्लागार होते. पुढे २०१७ साली त्यांना नोबेल पारितोषिकाचा मान मिळाला. निसर्गाचे सिद्ध झालेले नियम चित्रपटात मोडायचे नाहीत, असा त्यांचा आग्रह होता. तेव्हा तो बाप रडतो तो खऱ्या नियमामुळे. म्हणून मला वाटते, विज्ञान काढून घेतले तर ते अश्रूही राहणार नाहीत.”

आता मुलगा उभा राहिला. त्याच्या हातात टिपणाचा कागद होता.

“अवकाशाचे चित्रपट विज्ञानाच्या आधी स्वप्नातून जन्मले,” त्याने सुरुवात केली. “१९०२ साली फ्रान्समध्ये जॉर्ज मेलिएस यांनी चंद्रावरच्या सफरीचा एक छोटा मूकपट काढला. त्यात तोफेतून यान उडते आणि चंद्राच्या डोळ्यात जाऊन रुतते! विज्ञानाच्या दृष्टीने हे सर्व अशक्य. तरीही लोकांनी ते आनंदाने पाहिले. माणूस चंद्रावर उतरला १९६९ साली, म्हणजे सदुसष्ट वर्षांनी. आधी ओढ निर्माण झाली, मग वाट सापडली.

“दुसरे उदाहरण १९२९ सालच्या एका जर्मन मूकपटाचे. चंद्रावर जाणाऱ्या स्त्रीची ती कथा. दिग्दर्शक होते फ्रित्झ लांग. अग्निबाण सुटण्याचा क्षण उत्कंठेचा कसा करावा, हा त्यांच्यापुढे प्रश्न होता. एक, दोन, तीन असे मोजत गेले तर अग्निबाण केव्हा सुटणार हे प्रेक्षकाला कळणार नाही. म्हणून त्यांनी आकडे उलटे मोजले. उरलेला प्रत्येक सेकंद प्रेक्षकाला जाणवला आणि त्याने श्वास रोखून धरला. अग्निबाण सोडताना होणारी उलट मोजणी या चित्रपटामुळे लोकांच्या परिचयाची झाली. आज श्रीहरिकोट्यातही अशीच मोजणी होते. ज्या चित्रपटाने विज्ञानाकडून अग्निबाण घेतला, त्यानेच ही उत्कंठा जगाला दिली.”

आजी सारे लक्षपूर्वक ऐकत होती. ती मध्येच म्हणाली, “मी ‘मिशन मंगल’ पाहिला होता. त्यातली तारा शिंदे गॅस बंद करून तापलेल्या तेलाच्या उष्णतेवर पुऱ्या तळून दाखवते. यान इंधन कसे वाचवते, ते मला त्या पुऱ्यांमुळे कळले.”

“पण आजी, शेकडो लोकांची आकडेमोड एका कढईत मावेल का?” मुलीने विचारले. सगळे हसले. २०१९ साली तो चित्रपट आला, तेव्हा प्रेक्षकांत हीच दोन मते होती. पुऱ्यांमुळे अवघड विषय घरोघरी पोचला, असे काही म्हणत. त्यामुळे शास्त्रज्ञांचे कष्ट फार सोपे करून दाखवले गेले, असे इतर म्हणत.

मुलाने कागदाकडे पाहिले, मग त्याची घडी घातली. “शेवटचा मुद्दा,” तो हळू आवाजात म्हणाला. “आजोबांनी सांगितले म्हणून मी ते निरोपांचे दृश्य पुन्हा पाहिले. पहिल्या वेळी मी फक्त काळाचे गणित पाहिले होते. या वेळी त्या मुलाकडे पाहिले. तो वर्षानुवर्षे निरोप पाठवतो. बापाचे उत्तर येत नाही. शेवटी तो म्हणतो की, आता मी तुमचा नाद सोडतो. बाप मात्र जिवंत असतो आणि सारे ऐकत असतो.” तो थांबला. “बाबांचा मागच्या आठवड्यात निरोप आला होता. त्याचे उत्तर मी अजून दिलेले नाही. ताई, मी तुला हसायला नको होते.”

गच्चीवर शांतता पसरली. मुलीने सतरंजीवर आपल्या शेजारी भावाला जागा करून दिली.

मग आजोबा बोलू लागले. “मंगळयानाची खरी हकीकत ऐका. ५ नोव्हेंबर २०१३ रोजी ते श्रीहरिकोट्याहून निघाले. एका झेपेत मंगळाकडे नेईल असे बळ त्याच्या अग्निबाणात नव्हते. म्हणून यान पृथ्वीभोवती फिरवत, इंजिन थोडा थोडा वेळ चालवून त्याची कक्षा वाढवत नेली. १ डिसेंबरला ते मंगळाच्या वाटेला लागले. पुढे सुमारे तीनशे दिवस मुख्य इंजिन झोपलेले होते. ते पुन्हा जागे होईल का? २२ सप्टेंबर २०१४ रोजी ते केवळ चार सेकंद चालवून पाहिले. ते चालले. २४ सप्टेंबरच्या सकाळी ते पुन्हा पेटवले, तेव्हा यान मंगळाच्या आड गेले. संपर्क तुटला. शिवाय तेथून संदेश येण्यास साडेबारा मिनिटे लागत होती. म्हणजे जे घडायचे ते तिकडे घडून गेले होते आणि इकडे बंगळूरच्या केंद्रात माणसे डोळ्यांत प्राण आणून बसली होती. मग संदेश आला आणि ती माणसे लहान मुलांसारखी आनंदली. आता सांगा, हे वास्तव की भावना?”

“दोन्ही!” मुले एकदम म्हणाली.

“आपल्या मराठीत याची वाट पूर्वीच दाखवली गेली आहे,” आजोबा म्हणाले. “१९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेत ‘कृष्णविवर’ नावाची कथा पहिली आली. लेखकाचे नाव होते नारायण विनायक जगताप. वस्तुतः ते होते जयंत विष्णु नारळीकर! आपल्या नावाची आद्याक्षरे उलटी करून त्यांनी हे नाव घेतले होते. मोठ्या खगोलशास्त्रज्ञालाही कथा सांगावीशी वाटली, कारण नियम बुद्धीला पटतात, पण माणसाची गोष्ट ते मनात रुजवते.

“चित्रपटाची परीक्षा अशी करावी. भावना घटनेतून उगवली आहे, की वरून शिंपडली आहे? सोने जसे कसाला लावतात, तसे प्रत्येक दृश्य या प्रश्नाला लावून पाहावे. काळाच्या नियमामुळे ताटातूट झालेल्या बापाचे रडणे उगवलेले आहे. प्रेमाला निसर्गाचा नियम म्हणणे मात्र पटण्यासारखे नाही. ती त्या बाईच्या मनाची आशा आहे. तेथे दादाची शंका योग्य होती. यापुढेही तुमची मते भिन्न राहतील, आणि राहावीत. फक्त वाद घालताना एकमेकांचे अश्रू आणि एकमेकांच्या शंका यांना हसू नये.”

सभा संपली. तुंगारेश्वराचा डोंगर काळोखात बुडाला होता आणि माथ्यावर एकेक तारा उगवत होता. घरी आल्यावर मुलाने वडिलांना निरोप लिहिला. त्यात परीक्षेचे गुण होते, गच्चीवरच्या सभेची हकीकत होती, आणि शेवटी एक ओळ होती : “निरोप पोचायला उशीर झाला तरी चालेल; आम्ही वाट पाहत आहोत.”

शब्दार्थ

कृष्णविवर – ज्याच्या प्रबळ गुरुत्वाकर्षणातून प्रकाशही सुटू शकत नाही अशी अवकाशातील वस्तू. पृष्ठताण – द्रवाच्या पृष्ठभागावरील ताण. यामुळे थेंब गोल होतो. हृदयद्रावक – मन हेलावून टाकणारे. निष्पन्न होणे – निष्कर्ष म्हणून निघणे. ताटातूट – एकमेकांपासून दूर होणे.

स्वाध्याय

१. एका वाक्यात उत्तरे लिहा :
(अ) आजोबांनी सभेसाठी कोणती अट घातली?
(आ) उलट मोजणी कोणत्या साली निघालेल्या चित्रपटामुळे लोकांच्या परिचयाची झाली?
(इ) नारळीकरांनी टोपणनाव कसे तयार केले?

२. कारणे द्या :
(अ) अवकाशात अश्रू गालावरून ओघळत नाही.
(आ) मंगळयान मंगळाजवळ पोचले तेव्हा केंद्रातील माणसांना वाट पाहावी लागली.
(इ) मुलाने बोलताना हातातील कागदाची घडी घातली.

३. पुढील वाक्प्रचारांचा अर्थ सांगून वाक्यांत उपयोग करा :
कंठ दाटून येणे, श्वास रोखून धरणे, डोळ्यांत प्राण आणणे, कसाला लावणे.

४. ‘भावना उगवलेली की शिंपडलेली?’ ही कसोटी तुम्ही पाहिलेल्या एखाद्या चित्रपटाला लावा आणि आपले मत दहा ओळींत लिहा. त्याच्या विरुद्ध मत आणखी पाच ओळींत तितक्याच प्रामाणिकपणे मांडा.