गच्चीवरून घेतलेलें तारकागुच्छाचें छायाचित्र



मे महिन्याच्या मध्यास रात्रीं दहाच्या सुमारास चित्रा हा शुभ्र तारा याम्योत्तर वृत्तावर येतो. हात लांब करून आकाशाकडे धरिलेली मूठ सुमारें १० अंश व्यापते. अशा साडेतीन मुठी चित्रेच्या खालीं, दक्षिणेकडे, मोजल्या कीं नरतुरंगांतील ओमेगा हा धूसर ठिपका सांपडतो. १६०३ सालीं योहान बायर यानें तारा समजूनच त्यास ओमेगा हें ग्रीक अक्षर दिलें. वस्तुतः तो सुमारें एक कोटी ताऱ्यांचा चेंडूसारखा गुच्छ आहे. इंग्लंडांतून तो दिसत नाहीं. पुण्यास मात्र क्षितिजापासून २४ अंश वर येतो.

एका उन्हाळ्याच्या सुटींत मीं गच्चीवरून त्याचें छायाचित्र घेण्याचें योजिलें. पहिल्या रात्रीं साध्या तिवईवर कॅमेरा ठेवून झडप ३० सेकंद उघडी ठेविली. चित्रांत ताऱ्यांऐवजीं रेघोट्या उमटल्या! दोष कॅमेऱ्याचा नव्हता. पृथ्वी तासास सुमारें १५ अंश फिरते आणि तिजबरोबर कॅमेराहि फिरतो. म्हणून त्यास तितक्याच वेगानें उलट फिरविणारें यंत्र लागतें, व त्या यंत्राचा आंस ध्रुवाकडे रोखावा लागतो. ध्रुवतारा जवळजवळ आपल्या अक्षांशाइतकाच, पुण्यास साडेअठरा अंश, उंच असतो.

यंत्र आणिलें, परंतु उत्तरेच्या इमारतीआड ध्रुव दिसेना. दुसऱ्या रात्रीं अंदाजानें आंस रोखिला. रेघोट्या आंखूड झाल्या, गेल्या नाहींत. तिसऱ्या रात्रीं ढग आले. पावसाळा तोंडावर होता. संधि हुकती तर वर्षभर थांबावें लागतें. इतक्यांत माझी मुलगी म्हणाली, “बाबा, पाण्याच्या टाकीपाशीं उभें राहिलें कीं ध्रुव दिसतो!”

चौथ्या रात्रीं तेथूनच तीस तीस सेकंदांचीं ६४ चित्रें घेतलीं. अर्ध्या तासाचें एकच चित्र कां घेतलें नाहीं? शहराच्या उजेडानें तें पांढरें पडलें असतें. संगणकावर चित्रें एकावर एक ठेविलीं असतां ताऱ्यांचा प्रकाश ६४ पट होतो. चित्रांतील अनियमित दाणे मात्र ८ पटच वाढतात. म्हणून तारे आठपट स्पष्ट होतात. गुच्छाचा तेजस्वी गाभा करपूं नये म्हणून पांच सेकंदांचीं चित्रेंहि जोडिलीं.

कडेचे तारे सुटे सुटे दिसूं लागले. तो प्रकाश सुमारें १७,००० वर्षांपूर्वीं निघालेला होता!

रेघोट्यांचें पहिलें चित्र मीं टाकून दिलें नाहीं. पृथ्वी फिरते, याचा तो माझ्या घरचा पुरावा आहे. तुम्हींहि आपलीं फसलेलीं चित्रें जपून ठेवा, आणि तीं कां फसलीं हें प्रथम शोधा.