भाकरीच्या जोडीला एक पेला

जिंतूर तालुक्यातील आंध समाजाच्या वस्त्यांवर मी आहाराचे वर्ग घेते. या अंकातला पाठ चुलीजवळचा आहे, आणि त्याची सुरुवात मी माझ्याच एका चुकीपासून करणार आहे.

होळीनंतर ऊसतोडीवरून कुटुंबे परत आली, तेव्हाची गोष्ट. वर्गात एका तरुण आईने पिशवीतून प्रथिनांच्या पावडरीचा डबा काढून दाखवला. उचल फिटल्यावर हातात राहिलेल्या पैशांतून नवऱ्याने तो आणला होता. "बाई, लई महाग पडला. सासूला, मला अन् लेकराला अर्धा अर्धा चमचा टाकते. पुरवून पुरवून वापरते," ती म्हणाली. तिच्या घरी मी जाऊन आले होते. ज्वारी होती, शेंगदाणे होते, हरभऱ्याचे फुटाणे होते. मी म्हटले, "अगं, या डब्याचं काम तुझ्या घरातले फुटाणे-शेंगदाणे करतील." मग सगळ्याजणींनी मिळून पेय केले, प्यायले आणि हसतखेळत घरी गेल्या.

महिन्याने अंगणवाडीत वजने घेतली. तिच्या आठ महिन्यांच्या बाळाचे वजन जिथल्या तिथे होते. काय भरवतेस, असे विचारले. "तुम्हीच सांगितलं ते. चमचाभर पीठ तांब्याभर पाण्यात कालवून बाटलीनं पाजते. वरणभात बंद केला, त्यापेक्षा हे ताकदीचं ना?"

दोष तिचा नव्हता. मोठ्यांचा पेला शिकवताना लहान बाळाबद्दल मी एक शब्दही बोलले नव्हते. बाळाचे इवलेसे पोट पाण्यानेच भरत होते. त्याच दिवशी आम्ही त्याला आरोग्य केंद्रात दाखवून आणले. वरणभात पुन्हा सुरू केला, सोबत घट्ट पेज दिली. पुढच्या महिन्यात वजनाची रेघ वर सरकली, तेव्हा माझ्या जिवात जीव आला. म्हणून आता पाठाचे पहिले वाक्य हेच असते: हा पेला भाकरीच्या जोडीला आहे, भाकरीच्या जागी नाही.

किती लागते आणि कशात असते

भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने २०२० साली दिलेल्या शिफारशीप्रमाणे प्रौढ माणसाला वजनाच्या दर किलोमागे रोज ०.८३ ग्रॅम प्रथिने लागतात. म्हणजे ५० किलो वजनाच्या बाईला सुमारे ४२ ग्रॅम. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बाईला त्याहून जास्त.

१०० ग्रॅम शेंगदाण्यांत साधारण २५ ग्रॅम, फुटाण्यांत २२ ग्रॅम आणि ज्वारीत १० ग्रॅम प्रथिने असतात. १०० मिली दुधात ती ३ ग्रॅमच्या आसपास असतात. एका अंड्यातून ६ ग्रॅम मिळतात.

ज्वारीच्या प्रथिनांत एक उणीव असते, ती हरभऱ्यासारखी कडधान्ये भरून काढतात. कडधान्यांतली उणीव धान्ये भरतात. भाकरीबरोबर पिठले खाणाऱ्या आपल्या आज्यांनी ही जोडी कधीच जमवली होती. आपल्या परभणीच्या कृषी विद्यापीठाने तर ज्वारीवर मोठे काम केले आहे. 'परभणी शक्ती' या २०१८ साली आलेल्या वाणात लोह आणि जस्त नेहमीच्या ज्वारीपेक्षा जास्त आहे.

आधी पीठ करून ठेवा

फुटाणे ३०० ग्रॅम आणि शेंगदाणे २०० ग्रॅम घ्या. शेंगदाणे मंद आचेवर भाजा आणि पूर्ण गार होऊ द्या. काळा, बुरशी आलेला किंवा कडवट दाणा निवडून फेकून द्या. बुरशीतले विष भाजल्यानेही जात नाही. फुटाण्यांचे आधी पीठ करा, मग त्यात दाणे घालून थोडे थोडे कुटा. नुसते दाणे कुटले तर तेल सुटून गोळा होतो. मिक्सर नसेल तर उखळ किंवा खलबत्ता चालतो.

याचे दहा पेले होतात. दर पेल्याला ५० ग्रॅम पीठ, म्हणजे सुमारे १२ ग्रॅम प्रथिने. घट्ट झाकणाच्या कोरड्या डब्यात ठेवा आणि पंधरा दिवसांत संपवा.

पेला दुधाचा

१५० मिली दूध उकळून कोमट करा. त्यात ५० ग्रॅम पीठ, एक कुस्करलेले केळे आणि हवा असल्यास थोडा गूळ घालून रवीने घुसळा. दूध कडकडीत गरम असताना गूळ घालू नका, ते फाटते. प्रथिने सुमारे १८ ग्रॅम. शहरात यालाच स्मूदी म्हणतात.

पेला ज्वारीचा

दूध परवडत नसेल तर ३० ग्रॅम ज्वारीचे पीठ पाण्यात कालवून, ढवळत ढवळत चांगले शिजवा. उतरवल्यावर ५० ग्रॅम पीठ आणि मीठ-जिरे घाला. उन्हाळ्यात आंबिलीसारखे गार करून वरून ताक घाला. प्रथिने सुमारे १५ ग्रॅम. आमच्या वस्त्यांवर हाच पेला टिकला. लिंबू पिळले तर त्यातले लोह अंगी लागायला मदत होते. लगेच वर चहा मात्र पिऊ नये, चहाने लोह कमी शोषले जाते.

सोयाबीनचे काय?

आपल्या शिवारात सोयाबीन अमाप पिकते आणि सगळे मोंढ्यावर जाते. थोडे घरी ठेवा, त्यात प्रथिने भरपूर असतात. पण कच्च्या सोयाबीनचे पीठ कधीच वापरू नका, ते पचत नाही. रात्रभर भिजवा, पाणी टाकून द्या, चांगले उकळा, वाळवा, भाजा आणि मगच दळा. पेल्याला एक चमचा पुरे.

हे विसरू नका

- सहा महिन्यांपर्यंत बाळाला फक्त आईचे दूध.
- सहा महिन्यांनंतर आईचे दूध चालू ठेवून घट्ट पेज भरवा. ती चमच्यावरून ओघळू नये. बाटली नको, वाटी-चमचा वापरा.
- दाण्याचे बारीक कूट आधी अगदी थोडे देऊन पाहा. अंगावर गांध्या, सूज किंवा उलटी दिसली तर तत्काळ डॉक्टरांकडे न्या. लहान मुलांना अख्खे दाणे देऊ नका, घशात अडकतात.
- पेयात कच्चे अंडे फोडू नका. उकडून वेगळे खा.
- पाणी उकळून गार केलेले घ्या. केलेला पेला लगेच संपवा.
- मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय हे पेय घेऊ नये. मधुमेह असेल तर गूळ आणि केळे वगळा.

महिला मंडळात चर्चेसाठी

१. आपल्या घरात आज प्रथिने देणारे कोणते चार पदार्थ आहेत? त्यांतले आपण विकतो किती आणि खातो किती?
२. पेला घरात आधी कोणाला मिळतो? पाजणाऱ्या आईची पाळी शेवटी येते का?
३. एखादी गोष्ट शिकवताना समोरची बाई घरी जाऊन ती कशी करेल, हे आपण विचारतो का?

तिसरा प्रश्न मी आधी स्वतःला विचारते. आता वर्ग संपताना मी प्रत्येकीला म्हणते, "घरी कसं करशील, ते मला करून दाखव." त्या आईने परवा नव्या बायांना पेज शिकवली. चमचा उलटा धरून म्हणाली, "हे बघा, पडत नाही. लेकराला असं पाहिजे." पावडरीचा तो डबा तिने घासून पुसून ठेवला आहे. आता त्यात घरचे पीठ असते.