चौथऱ्याची पायरी

माझं माहेर नेवासे तालुक्यातलं, सासर राहात्याकडचं. देवाधर्मातलं बाईचं स्थान मला पुस्तकांपेक्षा या दोन तालुक्यांनीच जास्त शिकवलं.

१. ‘आपल्यात नसतं’ म्हणजे शास्त्र नव्हे.
लहानपणी शनी अमावास्येला आजीबरोबर शनी शिंगणापूरला जायचो. रुईच्या पानांची माळ आजीनं ओवलेली, तेलाची बाटली वाटभर मी सांभाळलेली. शनीच्या चौथऱ्याशी पोचलं की दोन्ही धाकट्या भावाच्या हाती. तो सात वर्षांचा. नळाखाली आंघोळ करून ओलं भगवं वस्त्र गुंडाळायचा; ते कमरेवर टिकत नसे, म्हणून एका हातानं ते आवळून, दुसऱ्या हातात बाटली धरून वर चढायचा. निम्मं तेल पायरीवरच सांडायचं. मी का नाही, असं विचारलं तर आजी म्हणायची, “आपल्यात नसतं.” तिलाही कुणी पोथी उघडून दाखवली नव्हती.

२. एस.टी. बदलली की नियम बदलतो.
लग्नानंतर साकोरीला गेले. शिर्डीला लागूनच. उपासनी महाराजांच्या कन्याकुमारी स्थानात बायकाच वेदमंत्र म्हणतात, यज्ञात आहुती देतात. महाराजांच्या मागे गोदावरी मातांनी हे स्थान सांभाळलं. मी खांबाला टेकून तासभर ऐकत बसले. जिल्हा तोच, धर्म तोच. इकडे बाई अग्नीपुढे बसते, तिकडे शिंगणापूरच्या चौथऱ्यावर तेव्हा तिची सावलीही नको होती. देवाचं म्हणणं तालुक्यागणिक बदलत नसावं.

३. कायदा असतो, तो वापरावा लागतो.
मंदिरप्रवेशाचा कायदा १९५६ चा. तरी नोव्हेंबर २०१५ मध्ये एक तरुणी शिंगणापूरच्या चौथऱ्यावर जाऊन आली, तर लोकांनी दुधानं शुद्धी केली. मग प्रवेशासाठी तृप्ती देसाईंचं आंदोलन, विद्या बाळ आणि नीलिमा वर्तक यांची याचिका. १ एप्रिल २०१६ ला मुंबई उच्च न्यायालयानं बायकांचा हक्क मान्य केला. दुसऱ्याच दिवशी बायकांना पुन्हा अडवलं.
चौथरा खुला झाला तो ८ एप्रिलला, पाडव्याला, आणि तोही कसा! देवस्थाननं वाद नको म्हणून पुरुषांनाही वर जायला बंदी केली होती. गोदावरीच्या पाण्यानं देवाला आंघोळ घालायची पाडव्याची रीत मोडते म्हणून गावातले पुरुष बंदी झुगारून चढले. त्यानंतर सगळ्यांनाच परवानगी. बाप्यांची अडचण झाली की गोष्टी भराभर सुटतात, हे मी घरातही पाहिलंय.

४. खुर्ची मिळाली म्हणजे पायरी मिळाली असं नाही.
शिंगणापूर देवस्थानच्या अध्यक्षपदी पहिली बाई २०१६ च्या जानेवारीतच आली होती, तरी चौथरा एप्रिलपर्यंत बंदच होता. आणि काशी विश्वनाथाचं देऊळ उभारणाऱ्या अहिल्याबाई तर आमच्याच जिल्ह्यातल्या चौंडीच्या. आता जिल्ह्यालाही त्यांचंच नाव आहे.

५. पहारा आपणच देत असतो.
चौथरा खुला झाला त्याच उन्हाळ्यात सासूबाईंना घेऊन शिंगणापूरला गेले. म्हटलं, “चला, आता आपल्यालाही जाता येतं.” त्यांनी पदर सारखा केला, चपला काढल्या, पायरीपर्यंत आल्या आणि तिथंच थांबल्या. “तू जा. मी इथनं बघते.” बाटली माझ्या हातात दिली. पहिल्या पायरीवर पाय ठेवताना मीच मागं वळून पाहिलं, कुणी हटकतंय का. कुणीच नव्हतं.

“सांडू नको गं,” सासूबाई खालून म्हणाल्या.