आधी सांधा, मग पलटा

भाचेबाई,

तू पाठवलेलं बासरीचं रेकॉर्डिंग तीनदा ऐकलं. सोबत तक्रारही वाचली: रोज तासभर पलटे घोटते, पण हात मोकळा होत नाही. अगं, सारेगम, रेगमप तू छान चढतेस, पण दर खेपेला मध्यमावरून पंचमावर जाताना ठेच लागते आणि पुढच्या स्वरांच्या गर्दीत तू ती दडपून टाकतेस. ही दडपादडपी माझ्या ओळखीची आहे. चार वर्षं मीही तेच केलं. एकदा गुरुजींसमोर चौगुणीत पलटा वाजवला आणि शाबासकीची वाट बघत बसलो. ते म्हणाले, "आता फक्त म आणि प वाजव." मग महिनाभर तेच दोन स्वर चालले होते. तेव्हा त्यांनी कानात घातलेली गोष्ट आता तुझ्या कानात घालतो: पलट्यात स्वर तर सगळ्यांचेच येतात, दोन स्वरांमधला सांधा तपासायला पलटा असतो.

हाच सांधा इतका अवघड का, ते आधी समजून घे. सा वाजवताना वरची तीन भोकं झाकलेली असतात, रे ला दोन, ग ला एक. शुद्ध मध्यमाला ते एकही अर्धं उघडतं. म्हणजे सा पासून म पर्यंत आपण बोटं उचलतच आलो. आणि पंचमाला? सहाच्या सहा भोकं एकदम बंद. वर फुंकही बदलायची, कारण मंद्र पंचम आणि मध्य पंचम यांची बोटं एकच. फरक सगळा ओठांचा. बासरीवादक पन्नालाल घोष यांनी तर तीव्र मध्यमासाठी बासरीला सातवं भोक दिलं. या प्रांतात थोरांनाही डोकं घालावं लागलं, तेव्हा तू नाउमेद होऊ नकोस.

चूक कानाने ओळखायला शीक. म आणि प च्या मध्ये सा चा ठिपका ऐकू आला तर समज, डावा हात आधी पडला आणि उजवा मागे राहिला. पंचमाच्या जागी खालचा प घोगरा उमटला तर बोटं वेळेवर आहेत, फुंक मागे राहिली. मध्यमच किंचाळला तर फुंकीने घाई केली. तिन्ही रोगांना "पलटा बिघडला" असं एकच नाव देशील तर औषध कसं सापडणार?

बोटांचं औषध न फुंकता घ्यायचं. बासरी ओठांपासून दूर धर, मध्यमाची बोटं ठेव आणि पंचमाची सगळी बोटं एकदम टाक. बांबूवर एकच "टप" आला पाहिजे. "टप-टप" आला तर कुणीतरी उशिरा पोचलं. बहुतेकदा उजव्या हाताची अनामिका असते, कारण ती हवेत फार उंच उचललेली असते. बोटं भोकावर अर्ध्या बोटाच्या उंचीवरच तरंगू देत. आपटूही नकोस. टोकाऐवजी बोटाच्या मांसल गादीने भोक झाक, म्हणजे कडेने हवा गळणार नाही.

मग फुंकीचं औषध. सहाही भोकं झाकून खालचा प, वरचा प, पुन्हा खालचा, पुन्हा वरचा. जीभ लावायची नाही आणि जोरही नाही. ओठांची फट बारीक केली की वरचा पंचम आपणहून येतो. गाल फुगायला लागले किंवा मान पुढे झुकली तर थांब, तू जोर लावते आहेस. आरशासमोर बसलीस तर हे चटकन दिसेल. दोन्ही औषधं लागू पडली की मगच म-प एकत्र वाजव.

बसल्या बसल्या पलटा सुरू करू नकोस. थंड बासरी तानपुऱ्याच्या खाली बोलते, श्वासाने ऊब धरली की वर चढते. डिसेंबरातल्या सकाळी पहिली दहा मिनिटं मंद्रातले लांब स्वर धर, नंतर सूर जुळव. तानपुरा लावूनच रियाज कर, मोबाइलवरचाही चालेल. कोमल स्वर येतात अर्ध्या भोकातून, आणि तो अर्धा किती हे कुठल्याही पुस्तकात सापडत नाही, षड्ज सांगतो.

पलटा आधी गा, मग वाजव. तोंडाने म्हणता येत नाही तो बोटांना सांगू नकोस. मात्रा साठला ठेव, एका मात्रेला एक स्वर. सलग पाच वेळा निर्दोष झाला की लय चार-पाचने वाढव. पाचव्या वेळी चुकलीस तर मोजणी पुन्हा एकपासून. फार राग येतो, माहीत आहे. दुगुणीत जाताना लय पुन्हा उतरव, लाज वाटून घेऊ नकोस.

श्वासाची जागाही आधी ठरव. चार स्वरांचा तुकडा संपला की तोंडाच्या कोपऱ्यांतून झटकन श्वास घे, पण तुकड्याचा शेवटचा स्वर त्यापायी आखडू देऊ नकोस. सहज जमलं की एका श्वासात दोन तुकडे.

आणखी एक. चढताना सगळेच शूर असतात. तू आठवडाभर उतरून बघ: सांनिधप, निधपम, धपमग, पमगरे, मगरेसा. इथे तोच सांधा उलटा येतो. पाच बोटं उचलायची आणि पहिलं मात्र अर्धंच सरकवायचं. ते उचलू नकोस, किंचित घरंगळव.

पलट्यांच्या संख्येचा सोस धरू नकोस. चार स्वरांची उलटापालट केली तर 24 प्रकार होतात, सात स्वरांची केली तर 5040. सगळे घोटायला आयुष्य पुरायचं नाही. रोज तीनच निवड: एक येणारा, एक अडणारा आणि एक फक्त त्या अडलेल्या सांध्याचा. तासभर सलग बसण्यापेक्षा वीस-वीस मिनिटांच्या तीन बैठका कर. ओठ थकले की सूर पातळ होतो आणि कानाला तोच पातळ सूर खरा वाटायला लागतो.

मागे जावं लागतंय म्हणून हिरमुसू नकोस. हरिप्रसाद चौरसिया अन्नपूर्णादेवींकडे शिकायला गेले तेव्हा नावाजलेले वादक होते. तरी पहिल्यापासून शिकायची तयारी दाखवायला त्यांनी बासरी धरण्याची बाजूच बदलली. उजव्या हाताने वाजवणारे ते डावखुरे झाले. तुला तर मी दोनच स्वर मागे नेतोय.

रियाज झाला की बासरी आतून पुसून ठेव, उन्हात किंवा बंद गाडीत टाकू नकोस. बांबू तडकला की कुठलंच औषध चालत नाही.

रविवारी फोन कर. पलटा ऐकवू नकोस. फोन मांडीवर ठेव आणि न फुंकता दहा वेळा बोटं टाक. मी "टप" मोजीन. दहा आले तर पुढचं सांगतो, अकरा आले तर पुढच्या रविवारी.

तुझा,
मामा