शाळेची वार्ता कोपीपर्यंत

प्रश्न : आमच्या इंदापूर तालुक्यातील जिल्हा परिषदेच्या शाळेच्या सूचना व्हॉट्सॲपवर येतात, ऊसतोड मजुरांपर्यंत मात्र त्या पोहोचत नाहीत. काय करावे?

उत्तर : भवानीनगर, माळेगाव वा सोमेश्वरनगर येथील साखर कारखान्यांत गाळप सुरू झाले, की ऊसतोड मजुरांच्या ज्या कोपीत, म्हणजे झोपडीत, एकच मोबाइल असून तोही दिवसभर बापाच्या कमरेला उसाच्या फडात हिंडतो, तेथील माउलीला दुपारी धाडलेला छापील परिपत्रकाचा फोटो निरुपयोगी ठरतो, हे प्रथम ध्यानी घ्यावे. म्हणून मजकूर गुरुजींनी स्वतःच्या आवाजात, एका मिनिटात, रात्री आठच्या सुमारास पाठवावा. आणि तोच शाळेच्या दारातील फळ्यावर खडूने लिहावा. मोबाइलवरील समूह ही सोय आहे, दप्तर नव्हे.

हा बदल शाळा व्यवस्थापन समितीमार्फत करवून घेता येतो. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या कलम २१ अन्वये या समितीत किमान तीन-चतुर्थांश सभासद पालक आणि निम्म्या स्त्रिया असणे आवश्यक आहे. या समितीच्या सभेत आपण हा विषय मांडून ठराव इतिवृत्तात नोंदवून घ्यावा, आणि कोपीवरील एखाद्या मातेस त्या सभेस अगत्याने बोलवावे. कोणत्या वेळी कोणाच्या हाती फोन असतो, हे तिच्याइतके कोणास ठाऊक असणार?